आमच्यात कुणालाच शुगर नाही, मग मलाच कशी?

समोर बसल्या बसल्या तिचं पहिलं वाक्य हेच होतं. पहिलटकरीण, सव्वीसावा आठवडा, अंगाने अगदी काडी, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी रीडिंग १६२. आपल्याकडे १४० किंवा वर आलं की गरोदरपणातली शुगर म्हणतात. सासूबाईंनी घरी निकाल लावून टाकला होता, डोहाळे लागले म्हणून आंबे खाल्ले ना, घे आता! ती रडायलाच लागली. ताई, माझं चुकलं का हो?

मी म्हटलं, आंब्यांना सोड आधी. वार, म्हणजे प्लॅसेंटा, तयार होते ना, तिच्या हार्मोन्समुळे प्रत्येकच गरोदर बाईचं शरीर इन्सुलिनला जरा कमी दाद देतं, बाळाला साखर मिळावी म्हणून. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. आणि यात चरबीचा मोठा हात असतो, चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नाही. चरबीच्या पेशीत पीपार-गॅमा नावाचा एक जीन आहे, पेशीने चरबी नीट भरून ठेवावी, ॲडिपोनेक्टिन नावाचं हार्मोन सोडावं, ही कामं तो बघतो. ॲडिपोनेक्टिनमुळे इन्सुलिन चांगलं लागू पडतं. गरोदरपणातल्या शुगरमध्ये हा जीन चरबीत मंदावलेला दिसतो. म्हणजे जीन तोच, रेग्युलेटर कमी केलेला पंखा समज. मग फॅटी ॲसिड रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं आणखीनच कुणी ऐकत नाही.

पण मी तर बारीक आहे!

हे मला रोज ऐकायला मिळतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक दिसणं आणि आतून बारीक असणं वेगळं, हे आपल्या लोकांना पटतच नाही.

बाळाला जाईल का, हा तिचा खरा प्रश्न होता, शेवटी दाराशी जाऊन विचारला. जीनची अक्षरं यामुळे बदलत नाहीत, पण पोटात जास्त साखर मिळाली तर बाळाच्याही जीन्सवर चालू-बंदच्या खुणा बदलू शकतात, पुढे लठ्ठपणाचा, शुगरचा धोका वाढतो, हे मी लपवलं नाही. म्हणून तर आत्ता साखर आटोक्यात ठेवायची. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर २ तासांनी १२० च्या आत. ज्यूस बंद, भात मुठीएवढा, भाकरी-उसळ, थोडं थोडं चार-पाच वेळा, जेवलं की पंधरा मिनिटं चालणं. तिला इन्सुलिन लागलं नाही, पण लागलं असतं तरी त्यात हार बिर काही नव्हती.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी टेस्टला आली, नॉर्मल. तरी दरवर्षी तपासायचं, कारण अशा बायकांना पुढे डायबेटीस व्हायचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. सोबत आई होती. मी सहज विचारलं, काकू, तुमची कधी तपासली? कशाला, मला काय झालंय! तिथेच हट्टाने करायला लावली, उपाशीच आल्या होत्या. १४८.

काकू बराच वेळ कागद बघत बसल्या, मग म्हणाल्या, अगं मग ते दोन डबे डिंकाचे लाडू खायचे कुणी?