सरकारी कामात देशी पोलादाची सक्ती योग्य आहे का? छोट्या कारखानदाराला तिचा फायदा होतो का?

सक्ती योग्यच आहे. फायद्याचं म्हणाल, तर तो आधी भट्टीवाल्याच्या पदरात पडतो, आमच्यापर्यंत येईस्तोवर पातळ होतो. जळगावच्या एमआयडीसीत सोळा वर्षं माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रस, पाण्याच्या टाक्या, बंधाऱ्याची गेटं करतो.

हे धोरण मे 2017 मध्ये आलं. केंद्राच्या पैशातून काम होत असेल तर लोखंड-पोलाद देशी घ्यायचं, माल ठेकेदारानं आणला तरी नियम तोच. सुरुवातीला देशात किमान 15 टक्के मूल्यवर्धन झालं की माल देशी धरत. म्हणजे कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) बाहेरून आणायची, इथं थोडीफार प्रक्रिया करायची, की झाली देशी! 2025 च्या सुधारणेत ‘मेल्ट अँड पोअर’ची अट आली, पोलाद वितळवून ओतलंही इथंच पाहिजे. ही अट मला मनापासून पटली. सळईला तशी चिंता नव्हतीच, आपल्याकडे ती जालन्याहून येते. खरी स्पर्धा प्लेट-कॉइलमध्ये आहे, चीन आणि कोरियाच्या मालाशी.

सरकारनं गिऱ्हाईक व्हायचं, ही गोष्ट जुनीच आहे. टाटांचा साकचीचा (आजच्या जमशेदपूरचा) कारखाना उभा राहत होता तेव्हा रेल्वेसाठी दरसाल 20,000 टन रूळ दहा वर्षं घेण्याची हमी सरकारनं दिली होती. भट्टी एकदा पेटवली की मनात आलं म्हणून विझवता येत नाही, माल उचलणारा कायमचा लागतो. 2024 मध्ये मंजूर झालेला मनमाड-इंदूर मार्ग 309 किलोमीटरचा आहे, आपल्या धुळ्यातून जाणारा. त्याचे रूळ आणि गर्डर देशातल्या भट्टीतूनच यावेत, असं मला वाटतं.

आता आमची अडचण. एका टाकीच्या कामाला मी ओळखीच्या स्टॉकिस्टकडून 10 मिलिमीटरची प्लेट घेतली. त्यानं मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटची, म्हणजे मालाच्या तपासणीच्या दाखल्याची, झेरॉक्स दिली, मी ती तशीच फाइलला लावली. तपासणीला आलेल्या साहेबांनी वायर ब्रशनं गंज घासून प्लेटवर पंच केलेला हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या मालाचा नंबर, वाचला. कागदावरचा नंबर वेगळा निघाला. माल देशीच असेल, पण सिद्ध कसा करणार? बिल तीन महिने अडकलं आणि तेवढे दिवस बँकेचं व्याज मी भरलं. साहेबांची चूक नव्हती. पण मोठ्या ठेकेदाराला मिलचं मूळ सर्टिफिकेट थेट मिळतं. दोन-तीन टन घेणाऱ्याला स्टॉकिस्ट देईल तो कागद घ्यावा लागतो.

दुसरी अडचण भावाची. बाहेरचा माल अडला की इथला भाव चढतो, आणि आमच्या छोट्या वर्कऑर्डरमध्ये भाववाढीचं कलम नव्हतं. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी 2012 चा आदेश आहे. पुरवठ्याच्या टेंडरमध्ये आपला दर एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याच्या, वर 15 टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच्या दरावर उतरून वाटा मिळतो. पण प्लेट चढ्या भावानं घेऊन एल-वनच्या दरावर उतरायचं कसं? देशी पोलादाची सक्ती करताना छोट्या कामांनाही भाववाढीचं कलम दिलंच पाहिजे.

तुम्ही या धंद्यात उतरणार असाल तर प्लेट ट्रकवरून उतरवण्याआधी हीट नंबर स्वतः वाचा, सर्टिफिकेटशी जुळवा, त्याचा फोटो काढा. प्लेट कापली की नंबर एकाच तुकड्यावर राहतो, म्हणून कापण्याआधी तो प्रत्येक तुकड्यावर पंच करून घ्या.