वॉशिंग मशीनसमोर बसलेला मुलगा

प्रश्न : मुलगा यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाला. कॅम्पसमधून नोकरी लागली नाही. विजेच्या गाड्या आल्यापासून मेकॅनिकलला भवितव्य उरलेलं नाही. निदान पदवीला वजन यावं म्हणून त्याला लगेच एम.टेक.ला घालायचं आम्ही ठरवलंय. तो काहीच बोलत नाही. परवा तीन दिवस वॉशिंग मशीनसमोर बसून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत होता! थर्मल घ्यावं की डिझाइन? – एक वडील

उत्तर : ठरवलंत तुम्ही, विषयही तुम्हीच निवडताय, शिकायचं मात्र त्याने. मग तो बोलेल तरी कशाला?

नोकरी नाही म्हणून एम.टेक. म्हणजे बेकारी दोन वर्षं पुढे ढकलणं. त्यानंतरच्या मुलाखतीत प्रबंधाचा विषय का घेतलास, असं विचारतील. ‘बाबा म्हणाले’ हे उत्तर तिथे चालत नाही.

विजेच्या गाडीत इंजिन नसतं, एवढंच खरं. बॅटरी तापते, ती थंड राखावी लागते. मोटरचा वेग चाकाला झेपेल इतका उतरवायला गिअर लागतातच. आणि इंजिनाचा गोंगाट गेला की त्याखाली इतकी वर्षं दबलेली गिअरची शीळ, टायरची घरघर कानाला टोचायला लागते. ती कुठून येते हे हुडकून बंद करणं हे मेकॅनिकलवाल्यांचंच काम.

म्हणूनच तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं वाक्य मी पुन्हा वाचलं. कपडे पिळताना मशीन मधल्याच एका वेगाला थडथडतं, जागचं हलतं. वेग आणखी वाढला की निवतं. ड्रम ज्या स्प्रिंगांवर टांगलेला असतो, त्यांवर त्याची झुलण्याची एक लय असते. फिरण्याचा वेग तिच्याशी जुळला की हा धिंगाणा. पुस्तकात याला रेझोनन्स म्हणतात. पुस्तक मिटून मशीनसमोर बसणारी मुलं मला फार भेटत नाहीत.

गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा त्याला देऊ द्या. स्कोअर तीन वर्षं चालतो. मधली एक-दोन वर्षं त्याला कारखान्यात काढू द्या, पगार थोडका असला तरी. मग एम.टेक. करावंसं वाटलं तर विषय त्याचा तोच सांगेल. (व्हायब्रेशन्स, म्हणजे या थडथडीचा अभ्यास, बहुधा डिझाइनकडे येतं. पण हे त्याला आत्ताच सांगू नका.)

आज रात्री त्याला एवढंच विचारा : मशीन नेमकं कोणत्या वेगाला थडथडत होतं? आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. पुढचं पत्र त्याने लिहावं.