रॉकच्या श्रोत्यासाठी हिप-हॉप

प्रश्न : मी अनेक वर्षे केवळ रॉक ऐकत आलो आहे. हिप-हॉपची सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

उत्तर : आपण रन-डीएमसी या हिप-हॉप गटाच्या 'रेझिंग हेल' (१९८६) या अल्बमने सुरुवात करावी, कारण त्यातील 'वॉक धिस वे' या गाण्यात एरोस्मिथ या रॉक बँडचे स्टीव्हन टायलर आणि जो पेरी स्वतः सहभागी झाले आहेत. या अल्बमचे एक निर्माते रिक रुबिन यांनी त्याच वर्षी स्लेअर या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड'ही घडवला; त्यामुळे अल्बममधील रॉकचा बाज हा योगायोग मुळीच नव्हे. माझी खरी आवड मात्र रॅपर नॅसचा 'इलमॅटिक' (१९९४) ही आहे. जेमतेम चाळीस मिनिटांत न्यूयॉर्कमधील क्वीन्सब्रिज वसाहतीचे जगणे इतक्या नेमक्या शब्दांत मांडणारा दुसरा अल्बम मला ठाऊक नाही. त्यात गिटारचा गडगडाट मात्र आपल्याला मिळणार नाही.