'म्युसिनस' : श्लेष्मल की श्लेष्मयुक्त?

पंचवटीतील एका भगिनींनी विचारले आहे की, आईच्या गर्भाशयाच्या अस्तराच्या बायोप्सी अहवालात 'म्युसिनस' हा शब्द आला असून घरी मराठीतून सांगताना त्याला 'श्लेष्मल गाठ' म्हटले तर चालेल का. माझ्या मते यातील दोन्ही शब्द बदलावेत.

'श्लेष्मा' हा शब्द चिकटणे, बिलगणे या अर्थाच्या 'श्लिष्' धातूपासून आला आहे. आश्लेष, विश्लेषण आणि श्लेष अलंकार हे त्याच कुळातले शब्द. 'श्लेष्मल' हे विशेषण मात्र आपल्याला 'श्लेष्मल त्वचा' या जोडीतून परिचित आहे, आणि तेथे ते शरीरातील पोकळ्यांच्या आतल्या ओलसर आवरणाला लागते. गर्भाशयाचे अस्तर ही मुळातच अशी एक श्लेष्मल त्वचा असल्यामुळे 'श्लेष्मल वाढ' म्हटले की 'अस्तराची वाढ' एवढाच अर्थ निघू शकतो आणि अहवालाला जे वेगळे सांगायचे आहे तेच नेमके हरवते. ते वेगळेपण असे की, एरवी गर्भाशयमुखाच्या ग्रंथींतील पेशींमध्ये जो चिकट पदार्थ, म्हणजे म्युसिन, असतो तो येथे अस्तराच्या पेशींच्या आत भरलेला दिसतो. ग्रंथीच्या पोकळीत नुसते म्युसिन साचलेले असणे पुरेसे नसते. म्हणून 'श्लेष्मस्रावी' हाही शब्द मला नेमका वाटत नाही. 'श्लेष्मगर्भ' हा समास देखणा आहे, परंतु गर्भाशयाच्या संदर्भात 'गर्भ' शब्दाने भलताच घोटाळा होईल. 'श्लेष्मयुक्त' हाच शब्द मला योग्य वाटतो.

आता 'गाठ'. हा शब्द कानावर पडताच घरातले माणूस कर्करोगच समजते. 'म्युसिनस' हे केवळ विशेषण आहे. निदान त्याच्या पुढच्या नामात असते. पुढे 'मेटाप्लेशिया' असेल तर पेशींनी रूप बदलले आहे एवढेच कळते, आणि ते रूपांतर म्हणजे कर्करोग नव्हे. पुढे 'कार्सिनोमा' असेल तर मात्र तो कर्करोगच. अशा श्लेष्मयुक्त पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक असलेला कर्करोग पूर्वी स्वतंत्र प्रकार मानला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात त्याचा समावेश अस्तराच्या नेहमीच्या, म्हणजे एंडोमेट्रिऑइड, प्रकारात केला आहे, आणि जठराच्या किंवा आतड्याच्या पेशींसारखा दिसणारा दुर्मीळ प्रकार तेवढा वेगळा ठेवला आहे.

या दोन नामांमधली सीमा लहानशा तुकड्यावरून ठरवणे कठीण असते, कारण पेशी वरवर अगदी सौम्य दिसत असूनही खाली कर्करोग असू शकतो. त्यामुळे पुष्कळदा दुर्बिणीतून पाहून अस्तराचा अधिक भाग तपासणीसाठी घ्यावा लागतो. शिवाय वाढ मूळची गर्भाशयमुखाची तर नाही ना, हे पी १६, व्हायमेंटिन आणि इस्ट्रोजेनग्राही यांसारख्या प्रथिनांच्या रंगतपासण्यांवरून पडताळतात.

'अस्तर' हा फारसीतून आलेला शब्द मात्र खुशाल वापरावा. येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाउज शिवून घेणाऱ्या आईला तो समजावून सांगावा लागणार नाही. अहवालात 'मेटाप्लेशिया' असेल तर त्यांना असे सांगता येईल : "पिशवीच्या आतल्या अस्तरातील काही पेशींमध्ये चिकट द्रव भरलेला दिसला आहे, हा पेशींच्या रूपातला बदल आहे, आणि आणखी तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारू."