दोन महिन्यांत चार गोळ्या, आता पाळीचा नेमच नाही

प्रश्न : मॅडम, नाशिकला सिडकोत राहते, वय २७, तीन वर्षांची मुलगी आहे. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्टचं काही खरं नसतं. आम्ही सेफ दिवस मोजतो आणि शंका आली की ते मेडिकलमधून ती ७२ तासांवाली गोळी पेपरात गुंडाळून आणतात. दोन महिन्यांत चार झाल्या. आता मधेच डाग लागतात, पाळी कधीही येते. जाऊबाई म्हणतात पिशवी खराब होईल, पुढे मूल राहणार नाही. खरंय का?

उत्तर : जाऊबाईंना सांगा, पिशवी खराब होत नाही आणि पुढे मूल राहायलाही या गोळीने अडत नाही. पण म्हणून चाललंय ते चालू द्या असं नाही हं. रोज घ्यायच्या सरकारी माला-एनच्या एका गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन ०.१५ मिलिग्रॅम असतं आणि तुमच्या या गोळीत १.५, म्हणजे दहा दिवसांचं एका घोटात, मग मळमळ, डोकेदुखी, स्तन जड होणं, मधेच डाग हे होऊ शकतं.

आता तुमची खरी गडबड सांगते. गोळीनंतर डाग लागले की तुम्ही त्याला पाळी धरता, तिथून सेफ दिवस मोजता, मोजणी चुकते, धास्ती बसते, परत गोळी! शिवाय ही गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, बीज आधीच पडलं असेल तर फारसा उपयोग नाही, आणि गोळी घेतल्यावर त्याच महिन्यात परत संबंध आला तर त्याला ती पुरत नाही. जितक्या वेळा तिच्यावर विसंबाल तितकी दिवस राहायची शक्यता वाढत जाते, रोजच्या गोळ्या किंवा तांबी तिच्यापेक्षा कितीतरी भरवशाच्या.

आधी सकाळच्या पहिल्या लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल तर टेस्टचीही वाट न बघता दवाखाना गाठा. टेस्ट निगेटिव्ह आली की सिव्हिलला किंवा मनपाच्या दवाखान्यात जा, तिथे तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, हार्मोन नसलेल्या छाया गोळ्या, तांबी सगळं फुकट मिळतं. अंतराने सुरुवातीला पाळी वेडीवाकडी होते, बंद झाली तरी घाबरू नका, पण दुसरं मूल लवकर हवं असेल तर ते घेऊ नका, सोडल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात. तोवर निरोध. मिस्टर पेपरात गुंडाळून ही गोळी आणतात ना, तर तेही आणतील!