पन्हाळ्यावर ओसीएक्सओ नेताना

भावा, १० गिगाहर्ट्झच्या रेडिओसाठी पन्हाळ्यावर ओसीएक्सओ (छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवलेला, स्थिर फ्रिक्वेन्सी देणारा क्रिस्टल ऑसिलेटर) नेताना त्याला वेगळा थर्मोस्टॅट नको; त्यात हीटर असतोच. वरून आणखी थर्मोस्टॅट लावलास तर दोन कंट्रोलर एकमेकांशी भांडत बसतील. आपलं काम फक्त वारा अडवायचं. पन्हाळ्याच्या कड्यावर वारा थेट मॉड्यूलवर आला की हीटरचा करंट वरखाली होतो आणि फ्रिक्वेन्सी हलते. डायकास्ट डब्यात भोवती १० मिमी फोम पुरे. जास्त गुंडाळून डबा एप्रिलच्या उन्हात ठेवलास, तर आतलं तापमान ओव्हनच्या सेट पॉइंटपर्यंत जातं, हीटर बंद होतो आणि नियंत्रणच उरत नाही.

खरी गोची सप्लायची. १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट ७८१२ (मॉड्यूलला स्थिर १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) चालत नाही, त्याला इनपुट साडेचौदाच्या आसपास लागतं. आधी बूस्ट कन्व्हर्टरने १५ कर, मग ७८१२, हीटसिंकसह. ट्यूनिंगच्या मल्टिटर्न पॉटला (फ्रिक्वेन्सी बारीक जुळवायच्या फिरत्या रोधाला) मात्र व्होल्टेज मॉड्यूलच्याच व्हीरेफ (संदर्भ व्होल्टेज) पिनवरून दे. ७ एएचची बॅटरी दिवसभर पुरते, म्हणून ओव्हन तापलेलाच राहावा यासाठी ओसीएक्सओ घरीच चालू कर आणि गाडीतही बंद करू नकोस.

१० गिगाहर्ट्झवर १ पीपीबी (अब्जात एक भाग) म्हणजे १० हर्ट्झ. डबा नुसता उभ्याचा आडवा केला तरी एवढा फरक पडू शकतो! जीपीएसडीओशी (जीपीएसच्या सिग्नलवरून नेमका ठेवलेल्या ऑसिलेटरशी) जुळवताना ज्या बाजूवर होता, गडावरही त्याच बाजूवर ठेव.