ग्रहणाच्या आदल्या दिवसाची नोंद

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीहून पाठवलेले तुझे पत्र आणि 21 जून 2020 च्या सूर्यग्रहणाच्या दिवशीचा, आयनांबरातल्या म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा आलेख मिळाला. ग्रहणमध्य साडेअकराच्या सुमारास होऊन गेल्यावरही इलेक्ट्रॉनांची संख्या घटतच का राहिली, हा तुझा प्रश्न रास्त आहे. आयनांबराच्या सुमारे 100 किलोमीटरवरच्या ई थरात सूर्याकडून येणारे अतिनील व क्ष-किरण घटले, की इलेक्ट्रॉन आणि आयन काही मिनिटांत पुन्हा जुळतात. 300 किलोमीटरच्या आसपास एफ थरात मात्र ऑक्सिजनचे आयन बराच वेळ टिकतात आणि उपग्रहांच्या संदेशांवरून काढलेल्या एकूण संख्येत याच थराचा वाटा मोठा असल्याने आलेखाचा तळ उशिरा दिसतो.

पण 20 आणि 22 जूनचे आलेख कुठे आहेत? त्याच महिन्यातले चुंबकीयदृष्ट्या शांत दिवस कुठे आहेत? आपल्यावरचा आयनांबर केवळ आपल्याकडच्या उन्हाने घडत नाही. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा उचलला गेलेला प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयनांचे मिश्रण, चुंबकीय रेषांवरून आपल्या बाजूला उतरतो आणि त्याला उचलणारे विद्युतक्षेत्र रोज सारखे नसते. तिरुनेलवेली आणि अलिबागच्या चुंबकीय नोंदींतल्या फरकावरून त्या क्षेत्रामुळे चुंबकीय विषुववृत्तावर त्या दिवशी वाहिलेल्या विद्युतझोताचा अंदाज येतो. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला, तुझ्याच नवी मुंबईत आहे. तेथे जाऊन विचारायला संकोच कसला?

मी हे इतक्या हट्टाने सांगतो, कारण 24 ऑक्टोबर 1995 च्या सूर्यग्रहणाच्या सकाळी ठाण्याच्या नौपाड्यातल्या गॅलरीत रेडिओ घेऊन मी एका दूरच्या मध्यमलहरी केंद्राची तीव्रता दर दोन मिनिटांनी टिपली होती. ऊन चढते तसा डी थर, म्हणजे आयनांबराचा सर्वांत खालचा आणि रेडिओलहरी शोषणारा थर, दाट होतो आणि दूरचे केंद्र रोजच क्षीण होत जाते. ग्रहणाने ती घट किती रोखली, हे आदल्या व नंतरच्या सकाळच्या नोंदींशिवाय सांगता येणे शक्यच नव्हते. त्या नोंदी माझ्याकडे नव्हत्या. दिवाळीचे दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि आदल्या पहाटे रेडिओपाशी बसलो असतो, तर घरच्यांना वाईट वाटले असते. आजही मला ते कारण खोटे वाटत नाही, पण ती वही निरुपयोगी ठरली ती ठरलीच.

म्हणून तुझा आलेख सुबक असला, तरी आदला आणि नंतरचा दिवस जोडल्याशिवाय मी त्याला निष्कर्ष म्हणणार नाही. तू रागावलीस तरी चालेल.

2 ऑगस्ट 2027 रोजी दुपार उलटल्यावर ठाण्यातून खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढगांनी सूर्य दिसला नाही, तरी रेडिओच्या नोंदीला बाधा येत नाही. मात्र तेव्हा ऊन उतरत असल्याने डी थर आपोआपही विरळ होत जाईल, म्हणजे माझीच अडचण उलट्या दिशेने तुझ्यापुढे येईल. तेच केंद्र आणि तीच एरियल ठेवून 23 जुलैपासून रोज दुपारी तीन ते सात नोंद सुरू कर, ती 12 ऑगस्टपर्यंत थांबवू नकोस आणि पहिल्या आठवड्याची वही मला आणून दाखव.

तुझे सर